झामसिंगनं जिवंत केलेला गेम

सडक अर्जुनीत कोणालाही झामसिंग कुंभरेबद्दल विचारा, पहिलं उत्तर येतं, "तोच ना, अस्वलानं फाडलेला?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे बाबा, अस्वल काय माणूस पाहून फाडतं का? त्या दिवशी त्या झाडाखाली तुम्ही असता तर तुम्हाला फाडलं असतं. त्यात झामसिंगचं कर्तृत्व काय? माणूस सांगायचा तर त्यानं काय केलं ते सांगावं. ते सांगायला कोणी तयार नाही, म्हणून मी लिहायला बसलोय. मी खेमराज कटरे, सडक अर्जुनीच्या बस स्टँडमागचा मोबाईल दुरुस्तीवाला. तापट म्हणून गावात माझं नाव आहेच, तेव्हा लिहिताना आवाज चढला तर चालवून घ्या.

१९९९ साली याच जागेवर मी व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. आम्ही पोवार, पिढ्यान् पिढ्या धान पिकवणारे. घरची धानाची बांधी सोडून पोरगा टीव्ही लावून बसतो याची माझ्या वडिलांना एवढी लाज वाटायची की दुकानासमोरून जाताना ते मान वळवून जायचे. दुकान म्हणजे तरी काय, एक जुना रंगीत टीव्ही, त्याला जोडलेला खोका, खोक्यात खुपसायच्या कॅसेटी आणि दोन रिमोट. नागपूर-रायपूर हायवेचे ट्रकवाले ढाब्यावर थांबायचे आणि जेवण तयार होईस्तोवर माझ्याकडे येऊन विमानं पाडायचे.

झामसिंगला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. तो चिचटोल्याचा, म्हणजे जंगलाला लागून असलेल्या गोंडांच्या टोल्याचा, छोट्या वस्तीचा. बाजाराच्या दिवशी बापासोबत बांबूच्या टोपल्या आणि सुपं विकायला यायचा आणि विक्री झाली की माझ्या दारात उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघायचा. पुढच्या बाजारी पुन्हा तसाच उभा. मी खेकसलो, "काऊन उभा हायेस रे? खेलाचा असन तं खेल, नाहीतर उजेड सोड." तो म्हणाला, "पैसे नाई जी. टोपली देतो. खेलू देता?"

माझ्या आईला, शांतीबाईला, टोपली हवीच होती. सौदा झाला. त्या एका टोपलीवर त्या पठ्ठ्यानं अख्खी दुपार काढली, कारण त्याचं विमान मरायलाच तयार नव्हतं.

महिन्याभरात तो आमच्या दुकानाची शान झाला. डाव्या अंगठ्यानं विमान वळवायचं, उजव्या अंगठ्यानं गोळ्या मारायच्या. बघणाऱ्याला वाटावं, हे दोन वेगवेगळ्या माणसांचे हात आहेत. रायपूरकडचा एक ड्रायव्हर हरून उठला आणि मला म्हणाला, "ये लड़का कहाँ से पकड़ के लाये हो, भैया?" मी छाती फुगवून सांगितलं, "हमारे यहाँ का है." माझा धाकटा भाऊ उमेंद्र त्याचा कायमचा जोडीदार. दोघं एकमेकांना हरवायचे, भांडायचे, बोलणं बंद करायचे आणि पुढच्या बाजारी पुन्हा मांडीला मांडी लावून बसायचे.

पुढं काळ बदलला. उमेंद्र ट्रकवर गेला. झामसिंग जंगल खात्याच्या मजुरीला लागला, दुर्पताशी त्याचं लग्न झालं. मोबाईल आले आणि गेमचं दुकान बसलं. मीही गोंदियाला जाऊन मोबाईल दुरुस्ती शिकून आलो, एक कॉम्प्युटर घेतला. जुना टीव्ही मात्र मागच्या खोलीत ठेवला होता. एकदा लाईन गेली आणि परत आली ती अशी जोरात आली की टीव्हीतून धूरच निघाला. त्या दिवसापासून आईनं घरात कायदा केला, बल्ब फडफडला की आधी पिन उपटायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली गत. पण आमच्याकडे लोडशेडिंगच्या त्या वर्षांत घरोघरी हेच चालायचं. आमच्या भागातल्या बाया झोपेतसुद्धा पिन उपटू शकतात.

आता त्या अस्वलाचं एकदाचं उरकून टाकतो. २००९ च्या मार्चात झामसिंग पहाटे मोहफुलं वेचायला गेला होता. अस्वलालाही मोहफुलं आवडतात. गोंदिया झालं, नागपूर झालं, जीव वाचला. उजवा हात जाग्यावर राहिला, पण कोपराखाली त्यात काही उरलं नाही. बोटं मिटत नव्हती. झालं, संपलं अस्वल.

खरी गोष्ट त्यानंतरची. गाव त्याच्याशी फार चांगलं वागायला लागलं. मी हे कौतुकानं लिहीत नाही. तो कुऱ्हाडीला हात लावायला गेला की कोणीतरी ती उचलायचं, "तू बस रे बा." जंगलात आग पसरू नये म्हणून पट्टा साफ करायला सगळे जायचे आणि हा पाण्याच्या घागरीजवळ राखणीला. पत्ते खेळताना तर कहरच. समोरचा हुकमाचं पान दाबून ठेवायचा आणि झामसिंगला डाव सोडायचा. तो काय आंधळा होता? त्याला दिसत होतं. तो पत्ते खाली ठेवायचा आणि उठून जायचा. घरी दुर्पता त्याच्या शर्टाच्या गुंड्या लावायची, भाताचे घास कालवून द्यायची, बाजारातून येताना रिकामी पिशवीसुद्धा त्याच्या हाती देत नसे. बोलायलाही तिनं आवाज बारीक केला होता. आणि ही तीच दुर्पता, जिचा आवाज पूर्वी अख्ख्या टोल्याला ऐकू जायचा!

२०१० च्या पावसाळ्यात उमेंद्र नागपूरहून त्याच्यासाठी एक वस्तू घेऊन आला. हातात मावणारा चिनी गेम, बारका पडदा, डावीकडे दिशेची बटणं, उजवीकडे गोळीची, वर दोन्ही कोपऱ्यांत एकेक बटण. आत आमच्या जुन्या कॅसेटींतले सगळे खेळ भरलेले. विमानाचाही होता! उमेंद्रचा हेतू चांगला, पण डोकं ट्रकवाल्याचं. झामसिंगनं तो डाव्या हातात धरला, विमान उडवलं, छान वळवलं. पण गोळी कोण मारणार? विमान नुसतंच भिरभिरत राहिलं आणि मेलं. त्यानं गेम माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "उमेंद्रभाऊ, वापस करून टाका जी."

उमेंद्रचा चेहरा पाहवत नव्हता. मी मात्र पेटलो. मोबाईलमध्ये नवीन सॉफ्टवेअर मारणं हा माझा रोजचा धंदा. मशीन सुरू झाल्याबरोबर आत जे सगळ्यात आधी जागं होतं आणि कोणत्या बटणानं काय करायचं ते ठरवतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. कंपनीचं फर्मवेअर बटणं बदलू देत नव्हतं, पण जगात शौकीन लोकांची कमी नाही. मी गोंदियाला जाऊन सायबर कॅफेत शोधलं तर कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांनी या गेमसाठी स्वतःचं फर्मवेअर लिहून फुकट ठेवलं होतं. त्यात कोणतंही काम कोणत्याही बटणाला देता येत होतं. म्हणजे गोळी वरच्या डाव्या कोपऱ्याला दिली की अंगठ्यानं विमान, पहिल्या बोटानं गोळी. सगळं एका हातात! पेनड्राईव्हमध्ये भरून मी तसाच बस पकडून परत आलो.

बाजाराच्या दिवशी झामसिंगला सांगितलं, "सोड इथं. संध्याकाळी घेऊन जा."

तो म्हणाला, "नाई. मी टाकतो."

"अरे, दुकान माहं, कॉम्प्युटर माहा, तू काय टाकतेस?"

"गेम माहा हाये ना? मंग मीच टाकतो. तुमी तोंडानं सांगा."

मी चिडलो. हे काम शिकायला मी वर्ष घातलं, आणि हा म्हणतो तोंडानं सांगा! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. पण त्याचं तोंड पाहिलं आणि स्टुलावरून उठलो. त्याला बसवलं, माऊस डावीकडे दिला. झामसिंग सातवीपर्यंत शिकलेला. इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचायचा. मी एकदा दाखवायचो, तो दोनदा करून बघायचा. पडद्यावर इशारा आला, काम चालू असताना वायर काढू नका, नाहीतर यंत्र बंद पडेल. मी तो मोठ्यानं वाचून मराठीत सांगितला. झामसिंगला सांगितला, काउंटरवर टेकून उभ्या उमेंद्रला सांगितला. मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या आईला सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

निळी पट्टी अर्ध्यावर आली आणि बल्ब फडफडला.

मी "आईऽ" म्हणून ओरडलो, पण काय उपयोग? ती कामाची बाई. मागच्या भिंतीवरच्या बोर्डातून तिनं कॉम्प्युटरची पिन उपटली आणि आनंदानं सांगितलं, "काढली रे बापा, काढली!" माझ्या यूपीएसची बॅटरी केव्हाचीच मेलेली. कॉम्प्युटर बंद. गंमत म्हणजे लाईन गेलीच नाही, बल्ब जळतच होता. पुन्हा सगळं चालू केलं, पण गेमचा पडदा काळा तो काळाच. बटण दाबा, चार्ज करा, हलवा, काही नाही.

आईला कळलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती पोवारीत स्वतःलाच बडबडायला लागली. झामसिंग म्हणाला, "राहू द्या काकी, तुमी तं वाचवाले गेल्या होत्या." आणि गेम माझ्याकडेच ठेवून बसस्टँडकडे निघून गेला.

पुढच्या बाजारी तो आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी तोवर वाचून काढलं होतं की गेम पुरता मेला नव्हता. चिपमध्ये कारखान्यातच प्रोग्रॅमचा एक बारका तुकडा कोरलेला असतो, तो कोणी पुसू शकत नाही. वायर जोडून एक ठराविक बटण दाबून धरायचं, आणि ते दाबलेलं असतानाच मागच्या बारीक भोकात टाचणी टोचायची. मग कॉम्प्युटर त्याला ओळखतो, पण बटण सोडलं की ओळख विसरतो. म्हणून काम पुरं होईपर्यंत बटण दाबूनच ठेवायचं. मी मोटरसायकल काढली आणि चिचटोला गाठला. तो अंगणात बसला होता, दुर्पता त्याच्या पुढ्यात जेवणाचं ताट ठेवत होती.

मी सांगितलं, "मेला नाई रे. जिवंत होते. पन दोन हात लागते. बटन मी धरतो, बाकी तू कर."

"मंग नोको."

"काऊन नोको?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग दुर्पताकडे न पाहता म्हणाला, "दीड वरीस झालं, भाऊ. मी एक बी काम पुरं केलो नाई. गुंडी ही लावते, घास ही कालवते. पत्त्याचा डाव बी लोकं देते. एक काम मले माह्या अंगानं पुरं कराचं हाये. कोनतं बी. हे होत असन तं करीन, नाहीतर राहू द्या मेलेला."

दुर्पता आत निघून गेली. मी पण काही कमी नाही, मी ओरडलो, "मंग तिसरा हात कुठून आनशील? मोहाच्या झाडाले लागते का?" असं बोलून फटफटी सुरू केली आणि अर्ध्या वाटेत माझी मलाच लाज वाटली. पण परत गेलो नाही. राग आला की माझं असंच होतं.

पुढच्या बाजारी तो दुकानात हजर. जसं काही झालंच नाही असा चेहरा. म्हणाला, "माऊस खाली घ्या जी. मी खाली बसतो."

"काऊन?"

"बांबू चिरतानी कसा बसतो, तसा."

आता ज्यांनी बांबूचं काम पाहिलं नाही त्यांना सांगतो. बांबूच्या पातळ पट्ट्या काढताना कारागीर जमिनीवर बसतो आणि पट्टीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतो. हात चिरतो, पाय धरतो. लहानपणापासून हेच केलेलं, त्यामुळं पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्याइतकाच हुकमी होतो. झामसिंगनं चप्पल काढली आणि मला कळलं. तो गेमचं बटण पायानं धरणार होता.

तेवढ्यात आई मागून आली. "अरे अरे, हे काय? मशीनले पाय लावतेस? दसऱ्याले आमी याची पूजा करतो रे!"

मला वाटलं, संपलं आता. पण झामसिंग शांतपणे म्हणाला, "काकी, उमेंद्रभाऊच्या लग्नातलं सूप मीच विनलो होतो ना? देवापुढं ठेवलं होतं तुमी. ते बी पायानंच धरून विनलो जी. माहा पाय मले हातच हाये."

आईनं त्याच्या पायाकडे पाहिलं. माझी आई कोणाचं ऐकणारी बाई नाही, हे तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. ती आत गेली. मला वाटलं रुसली. पण ती पितळेचा लोटा भरून आली आणि म्हणाली, "पाय पुढं कर."

"मी धुतो, काकी."

"पाव्हन्याच्या पायावर पानी घालाची रीत हाये आमच्या घरी. मदत नाई करून राहिली मी."

झामसिंगनं पाय पुढं केला. आईनं पाणी घातलं. चिचटोल्यातल्या गोंडाच्या पायावर आमच्या घरातल्या म्हातारीनं पाणी घातलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझा आईबद्दलचा सगळा राग तिथंच वाहून गेला.

या वेळी मी तयारीनं होतो. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून यूपीएसला जोडली होती. आई माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "माह्या हाताचा भरोसा नाई."

झामसिंगनं गेम दुमडलेल्या पोत्यावर ठेवला, मागचं भोक वर येईल असा कलता. उजव्या पायाचा अंगठा बटणावर आला. डाव्या हातात टाचणी. टोचली. काही नाही. पुन्हा टोचली. काही नाही. अंगठा थोडा सरकवून त्यानं पुन्हा टोचली, आणि कॉम्प्युटरनं 'टुंग' केलं. तो आवाज मी रोज ऐकतो, पण तेव्हा अंगावर काटा आला. पाय जराही न हलवता त्यानं टाचणी टाकली आणि माऊस धरला. निळी पट्टी सरकायला लागली.

आणि अर्थातच बल्ब फडफडला. फडफडला आणि गेलाच. पंखा थांबला, बाजारातला भोंगा बंद पडला. आईनं डोळे गच्च मिटले, पण हात मांडीखालून काढले नाहीत. कॉम्प्युटर ट्रॅक्टरच्या जोरावर चालू होता. झामसिंगच्या पोटरीला कंप सुटला होता, कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, आणि घाम पुसायला त्याच्याकडे हात मोकळा नव्हता. मी गमछा घेऊन पुढं झालो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गमछा परत खांद्यावर टाकला.

पट्टी भरली. त्यानं पाय उचलला. पडदा उजळला आणि नवीन पाटी आली. बटणांच्या पानावर जाऊन त्यानं अक्षर अक्षर लावत वाचलं आणि गोळीचं काम वरच्या डाव्या कोपऱ्याला दिलं. विमान सुरू केलं. पहिली गोळी सुटली, समोरचं विमान फुटलं, आणि लगेच याचंही फुटलं. मी म्हणालो, "वा! वा! मस्त!"

"मस्त काय, मेलो ना! खोटं कायले बोलता?" तो माझ्यावर खेकसला. दीड वर्षानं झामसिंग माझ्यावर खेकसला होता. मला इतकं बरं वाटलं की उलटून बोलायचं राहूनच गेलं.

त्यानंतर तो रोज हरत गेला आणि शिकत गेला. डाव्या हाताला दोघांचं काम करायचं होतं, ते काय एका दिवसात होतं? पण दिवाळीपर्यंत त्याचं बोट आणि अंगठा एकमेकांच्या वाटेत यायचे थांबले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा गुरं राखणारे गोवारी नाचतात, दुकानं लागतात, पाव्हणेरावळे येतात, रात्री नाटक. चिचटोल्याजवळच्या मंडईला मी गेलो, उमेंद्रही ट्रक ढाब्यावर लावून आला. शिंगाड्यांच्या ढिगामागं चिंचेच्या सावलीत झामसिंग बसला होता. उमेंद्रला पाहिल्याबरोबर म्हणाला, "या. एकेक डाव. ज्याचे जास्त, तो जिंकला."

पहिला उमेंद्र खेळला. आणि माझ्या भावानं तेच केलं जे सगळं गाव करत होतं. दुसऱ्याच वळणावर विमान मुद्दाम डोंगरावर घातलं आणि "अरेरे" म्हणून गेम पुढं केला.

झामसिंगनं घेतला नाही. तो उभा राहिला. आवाज असा चढला की शिंगाडेवाली वळून पाहायला लागली. "मी तुमच्यासंगं एवढे वरीस खेललो. तुमी त्या डोंगरावर कधी मेले नाई. मले भीक नोको. खेलाचा असन तं खरं खेला, नाहीतर हा गेम घेऊन जा नागपूरले!"

उमेंद्र ओशाळला. त्यानं गेम घेतला, बूड टेकून बसला आणि मग खरा खेळला. काय खेळला! डोळ्याची पापणी हलवली नाही. शेवटी मेला तेव्हा आकडा मी दोनदा वाचला. मला वाटलं, खरं खेळायला लावून झामसिंगनं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

झामसिंगनं गेम डाव्या हातात बसवला. भोवती माणसं जमली. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. अंगठा वळवत होता, बोट टिपत होतं, पूर्वी मला दोन माणसांचे वाटायचे ते दोन्ही हात या एका हातात येऊन बसले होते. केव्हा उमेंद्रचा आकडा मागं पडला ते मला गर्दीच्या ओरडण्यावरून कळलं.

आणि उमेंद्र चिडला. खरा चिडला, नाटकी नाही. त्याचे कान लाल झाले. "काहीतरी भरून ठेवलं हायेस त्या सॉफ्टवेअरमध्ये! आपोआप गोळ्या सुटून राहिल्या! पुन्हा खेल!"

"तेच बटन तुमाले बी हाये जी. तुमी बी डाव्यानं खेला."

"आन् इकडं! पुन्हा खेल म्हनलो ना!"

दोघं भांडायला लागले. मी मध्ये पडलो नाही. असलं गोड भांडण मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

गर्दीतून दुर्पता आली. डोक्यावर सामानाची टोपली, काखेत उसाची मोळी, हातात शिंगाड्यांनी भरलेलं जड पोतं. किती वेळची उभी होती कोण जाणे. तिनं ते पोतं नवऱ्याच्या पायापाशी दाणकन आदळलं.

"झाला का तुमचा खेल? दिवस बुडून राहिला. घ्या हे, उचला. माह्या डोक्यावर आधीच ओझं हाये, दिसत नाई का?"

तिचा तो आवाज अख्ख्या मंडईला ऐकू गेला. उमेंद्र भांडण विसरून सवयीनं पोत्याला हात घालायला वाकला. मी त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढला.

झामसिंगनं गेम खिशात टाकला. गुडघा टेकला, डाव्या हातानं पोतं ओढून खांद्यावर घेतलं, एकदा झोकांडला, सावरला. दुर्पता थांबली नाही. ती पुढं निघालीही होती, आणि चालता चालता त्याला सुनावत होती, की शिंगाडे सांडले तर बघाच, आणि पाय उचला जरा. तो तिच्या मागं "हो, हो" म्हणत चालत होता. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. उमेंद्रनं विचारलं, काय झालं? मी त्याला म्हटलं, गप बस. ते दोघं वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिलो, आणि त्या जड पोत्याखाली माझा मित्र एकदाही थांबला नाही.